साखळीतला मधला गडी

पायात बाभळीचा काटा रुतला, की ती जागा लाल होते, गरम लागते, टरारून सुजते आणि ठणकायला लागते. वैताग येतो ना? पण दोस्तांनो, ती सूज तुमच्याच शरीरानं मुद्दाम आणलेली असते. काट्याबरोबर जिवाणू आत घुसलेत ही खबर त्याला लागलेली असते!

खबर लागते कशी? कातडीखाली भक्षक पेशी असतात. त्यांच्या आवरणात ‘टोलसदृश ग्राहक’ नावाची प्रथिनं रोवलेली असतात. जिवाणूच्या अंगाचा एखादा तुकडा त्यांना चिकटला, की परका आलाय हे कळलंच. पण मदत बोलवायचा हुकूम सुटतो तो पार आत, केंद्रकातल्या जनुकांकडून. आणि ग्राहक तर आवरणातून हलू शकत नाही. मग निरोप आत न्यायचा कुणी?

इथं येतं मायडी८८ नावाचं जोडप्रथिन. कबड्डीतली साखळी आठवा. पकड करतो कडेचा गडी, पण मधल्यानं हात सोडला तर चढाईवाला निसटलाच! मायडी८८ तसंच. ते स्वतः कुठलीही रासायनिक क्रिया घडवत नाही. त्याचं एक टोक ग्राहकाला धरतं आणि दुसरं आयरॅक-४ नावाच्या विकराला. बस्स, एवढंच काम!

ही धराधरी दिसते तरी कशी? २०१० साली शास्त्रज्ञांनी तिची रचना शोधून काढली. मायडी८८चे ६ रेणू, त्यांवर आयरॅक-४चे ४ आणि आयरॅक-२चे ४, सगळे गोल जिन्यासारखे एकावर एक रचलेले. किती देखणं! असे जवळ आले की आयरॅक जागे होतात, निरोप पुढे सरकतो, शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. मग रसायनं सुटतात, रक्तातून आणखी पेशी धावत येतात, आणि सूज चढते.

एवढ्याशा प्रथिनाचं काय मोठं कौतुक, असं वाटतंय? मग हे ऐका. जन्मतःच मायडी८८ काम करत नाही अशा ९ मुलांची माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. न्यूमोनियाच्या जिवाणूसारखे काही ठरावीक पू करणारे जिवाणू त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर आजारी पाडत. बहुतेक विषाणूंशी मात्र ती नीट लढत, कारण तिथं इतर वाटांनी निरोप पोचतो. अशा मुलांना लहानपणी लशी आणि अँटिबायोटिक देऊन फार जपावं लागतं. जसजशी ती मोठी होतात, तसतसे हे आजार कमी होत जातात.