मुलाला मिलिटरी स्कूलमध्ये घालताय?

मैत्रिणींनो, मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, उलट उत्तरं देऊ लागला, की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, ‘याला मिलिटरी स्कूलमध्येच घालायला हवं, म्हणजे सुतासारखा सरळ होईल!’ रागाच्या भरात बोलायला ठीक आहे हो. पण या शाळा वांड मुलांना वठणीवर आणायला निघालेल्याच नाहीत. तिथे प्रवेश मिळायलाच मूल हुशार आणि धडधाकट लागतं.

साताऱ्याचंच घ्या. १९६१ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं सैनिक स्कूल. खडकवासल्याच्या एन.डी.ए.साठी मुलं तयार करणं हा त्याचा मूळ हेतू. चंद्रपूरलाही २०१९ पासून सैनिक स्कूल आहे. प्रवेश सहावीत आणि नववीत, अखिल भारतीय परीक्षेतून. त्या वर्षीच्या ३१ मार्चला सहावीसाठी वय दहा ते बारा, नववीसाठी तेरा ते पंधरा हवं. मी शिकवणी घेणारी बाई, म्हणून गणिताचं आवर्जून सांगते. सहावीच्या ३०० गुणांपैकी १५० आणि नववीच्या ४०० पैकी २०० गुण एकट्या गणिताचे! शिवाय सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा मात्र इंग्रजीतूनच. त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलाचा विचार पाचवीतच केलेला बरा.

नावांचा गोंधळ करू नका. ‘सैनिक स्कूल’ वेगळं आणि राज्य सरकारच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या ‘सैनिकी शाळा’ वेगळ्या. या शाळा खाजगी संस्था चालवतात, तेव्हा सगळं चालवणाऱ्यावर अवलंबून. माहितीपत्रकातल्या रुबाबदार गणवेशावर भाळू नका. स्वतः जा. स्वयंपाकघर बघा, न्हाणीघरं बघा, मूल रात्री तापानं फणफणलं तर कोण बघतं ते विचारा. आपल्याला बायकांना हे बरोबर कळतं! नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूलही खाजगी संस्थेचंच, पण ते थेट १९३७ पासूनचं.

दहावी झाली तरी वेळ गेलेली नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. तिथे अकरावी-बारावीबरोबरच एन.डी.ए.ची तयारी करून घेतात. निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून.

आणि मुलींचं काय? पुण्याजवळ कासार आंबोलीला राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून आहे. २०२१ पासून सैनिक स्कूलची दारं मुलींना उघडली, २०२२ मध्ये एन.डी.ए.ची. मे २०२५ मध्ये तिथून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. संभाजीनगरसारखीच संस्था नाशिकला मुलींसाठी २०२३ मध्ये निघाली आहे. तेव्हा घरातल्या धिटुकलीकडेही बघा.

तिथे शिकलं म्हणजे सैन्यात जायलाच हवं असं बंधन नाही. उलट, एन.डी.ए. मिळेलच अशी हमीही नाही. यू.पी.एस.सी.ची लेखी परीक्षा, मग एस.एस.बी.ची कित्येक दिवस चालणारी मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. या चाळणीतून थोडीच मुलं पार होतात. राहिलेली इंजिनिअर होतात, आणखी काही होतात. त्यात कमीपणा कसला?

पण पहाटे उठून धावणं, स्वतःचे बूट स्वतः चमकवणं, आईशिवाय आजारपण काढणं हे सगळं मुलाला करायचं आहे, तुम्हा-आम्हाला नाही. तेव्हा फॉर्म आणण्याआधी त्याला विचारा, आणि तेही वडील जवळ नसताना. ‘आपल्या घराण्यात कुणीतरी कॅप्टन हवा’ हे ऐकत वाढलेलं पोर त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणत नाही.