मावशींचं घर कुठं आहे?

गिरगावात ‘प्रार्थना समाज’ म्हटलं की बहुतेकांना बसथांबा आठवतो. त्या थांब्याला ज्या मंदिरामुळे नाव मिळालं, तिथं मी गेली बावीस वर्षं रविवारच्या उपासनेला जाते. नाव मंदिर असलं तरी आत मूर्ती नाही, नैवेद्य नाही, सोवळं-ओवळं नाही. उपासना चालवणारे आचार्य उद्बोधन करतात, तुकोबांचे अभंग म्हटले जातात, प्रार्थना होते, उपदेश होतो. मधे थोडा वेळ सगळे डोळे मिटून स्वस्थ बसतात. मला सांगायचं आहे ते त्या स्वस्थ बसण्याविषयी.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अशीच बसले होते. मन एकाग्र होईना. आमच्या इमारतीचा जिना चार दिवस झाडलेला नव्हता, तेच सारखं डोळ्यांपुढं येत होतं. आधी चिडचिड झाली. मग लक्षात आलं, जिना झाडणाऱ्या मावशी चार दिवस आलेल्या नाहीत आणि त्या राहतात कुठं हे मला ठाऊक नाही. नावही ठाऊक नाही. अकरा वर्षं मी त्यांना नुसतं ‘मावशी’ म्हणत होते.

उपासना संपल्यावर वॉचमनकडून पत्ता घेतला आणि गेले. मावशी तापानं फणफणल्या होत्या. ‘ताई, तुम्ही कशाला आलात? खाडे मांडलेत ना माझे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी भरपगारी रजेचा विषय काढला. दोनदा फेटाळला गेला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. वर्षाला पंधरा दिवस. काम एवढंसंच, पण त्याचं बी त्या रविवारी पडलं.

उपासनेतून उठून माणसाच्या चौकशीला जाण्याची ही रीत माझी नाही, प्रार्थना समाजाचीच आहे. प्रार्थना समाजाची स्थापना ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात पुढे होते. पुढं न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर येऊन मिळाले. त्याआधीची परमहंस सभा जातिभेद मोडायची, पण गुप्तपणे. गुपित फुटलं आणि सभा मोडली. प्रार्थना समाजानं उघड्यावर उभं राहायचं ठरवलं. देव एक, त्याची भक्ती हीच पूजा, आणि सगळी माणसं त्याची लेकरं, एवढंच त्याचं सांगणं. लेकरं म्हटल्यावर त्यांची चौकशी करणं आलंच. म्हणून मजुरांसाठी रात्रशाळा निघाल्या, पंढरपुरात टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम उभा राहिला.

तरी एक गोष्ट लपवू नये. सभासद होताना जात सोडण्याची सक्ती समाजानं केली नाही. बाकांवर बसणारे बहुतेक शिकलेले, वरच्या जातींतले होते. एकेश्वराची प्रार्थना करून घरी गेल्यावर पंगत मात्र जुनीच. ही उणीव ज्यांना सर्वांत जास्त बोचली, ते विठ्ठल रामजी शिंदे. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षं ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या मदतीनं, धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करत होते. परत येऊन ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि परळला शाळा सुरू केली. बहीण जनाबाई या कामात त्यांच्यासोबत होत्या. त्या काळी तिथल्या मुलांशेजारी बसणं म्हणजे आपल्या आप्तांशी वैर पत्करणं होतं. शिंदे नुसते बसले नाहीत, पुढं पुण्यात कुटुंबासह त्यांच्याच वस्तीत राहायला गेले. १९१० मध्ये त्यांनी समाजाचं प्रचारकपद सोडलं, उपासना मात्र सोडली नाही.

उपासना आणि काम दोन्ही धरून ठेवणाऱ्या शिंद्यांच्या या आयुष्यातून मी एक गोष्ट शिकले. डोळे मिटून बसल्यावर मन शांत होईलच असं नाही. कधी कधी तिथं आपल्याला नको असलेला माणूस येऊन उभा राहतो. त्याला बाजूला सारून ‘ध्यान’ पुरं करता येतं. पण मग ती उपासना नव्हे, विश्रांती झाली. उलट, लोकांसाठी नुसतीच धावपळ करणारे माझे कितीतरी सोबती दोन-चार वर्षांत कडवट होऊन घरी बसले. ज्यांच्यासाठी धावायचं त्यांच्यावरच ते चिडू लागले. आठवड्यातून तासभर स्वस्थ बसले असते, तर टिकले असते असं मला वाटतं.

तुम्ही देवळात जात असाल, मशिदीत, विहारात, चर्चमध्ये, किंवा कुठंच नाही. माझं मागणं एकच आहे. या आठवड्यात दहा मिनिटं गप्प बसा. जो माणूस आठवेल त्याचं नाव आणि घर तुम्हाला माहीत आहे का, ते स्वतःला विचारा. माहीत नसेल तर उठा आणि चौकशी करायला जा.