भोवऱ्यांची थकबाकी

नाशिकच्या सडकेने नारायणगाव गाठून खोडदकडे वळले, की शेतमळ्यांच्या पलीकडे तारांच्या जाळीने मढवलेल्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या 30 तबकड्यांनी टिपलेल्या आकाशाचे दप्तर पुण्यास, गणेशखिंडीच्या विद्यापीठ-आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, तपासले जाते. अतिप्रवाही द्रवांतील भोवऱ्यांविषयी लिहावयाचे असता मी या शेतांपासून आरंभ करतो, कारण ज्या द्रवाचा मला ध्यास आहे तो कोणत्याही प्रयोगशाळेच्या पात्रात मावणारा नाही.

पात्रात मावतो तो हेलियम. त्याचे तापमान 2.17 केल्विनच्या खाली उतरले की तो अंतर्गत घर्षणाचा त्याग करून केसाहून बारीक फटीतूनही विनासायास वाहतो, हे 1938 साली मॉस्कोहून कापित्झा यांनी आणि केंब्रिजहून ॲलन व मायझनर यांनी जाहीर केले. पेल्यातील चहा ढवळला तर मध्ये एकच भोवरा पडतो आणि तो हवा तितका जोरदार करता येतो. हेलियमला ती मुभा नाही. ऑनसागर आणि फाइनमन यांनी दाखविल्याप्रमाणे त्याचे परिभ्रमण असंख्य सूक्ष्म भोवऱ्यांत वाटले जाते, आणि प्रत्येकाचे मोल, एकाच टांकसाळीतून पडलेल्या नाण्याप्रमाणे, प्लांकचा स्थिरांक भागिले अणूचे वस्तुमान एवढेच ठरलेले असते.

घर्षणाविना वाहण्याची हीच रीत अतिसंवाहकांतील विजेचीही असते. 1962 साली केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने असे भाकीत केले, की दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युत्‌रोधकाचा अतिशय पातळ पडदा असला तरी त्यातून विद्युतदाबाशिवाय प्रवाह वाहील, आणि एक मायक्रोव्होल्टचा दाब दिल्यास तो सेकंदास सुमारे 48 कोटी 36 लक्ष वेळा आंदोलित होईल. या विद्यार्थ्यास ज्यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली, त्या फिलिप अँडरसन यांनी पुढल्याच वर्षी रॉवेल यांच्यासह पडद्यातून दाबाशिवाय वाहणारा प्रवाह प्रयोगाने दाखविला. पुढे अतिप्रवाही द्रवात प्रवाहरेषा ओलांडून जाणारा भोवराही तोच नियम पाळतो, हे त्यांनीच मांडले. मला अँडरसन यांची थोरवी याच्याही पुढच्या पावलात दिसते.

1969 साली राधाकृष्णन आणि मँचेस्टर यांनी वेला पल्सारचे निरीक्षण करताना एक विलक्षण गोष्ट नोंदविली. सेकंदास सुमारे 11 वेळा फिरणारा आणि नित्य मंदावत जाणारा हा न्यूट्रॉन तारा एकाएकी वेगवान झाला होता, तोही दशलक्षांत दोन भाग इतक्याच प्रमाणात! 1975 साली अँडरसन आणि इतोह यांनी त्याचा उलगडा असा सुचविला: ताऱ्याच्या घन कवचाच्या पोटात न्यूट्रॉनांचा अतिप्रवाही द्रव आहे, आणि त्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सत्तर हजार भोवरे उभे आहेत. द्रवाला मंदावायचे तर भोवरे बाहेरच्या बाजूस सरकले पाहिजेत. परंतु कवचातील अणुकेंद्रकांत ते अडकून बसतात, म्हणून कवच मंदावत जाते, द्रव मात्र जुनाच वेग धरून राहतो, आणि या तफावतीची थकबाकी वर्षानुवर्षे साचत जाऊन एके क्षणी असंख्य भोवरे एकदम सुटतात व ती कवचाच्या पदरी पडते.

उटीची दुर्बीण, जी स्वरूप यांनीच 1970 साली पुरी केली, आणि खोडदच्या तबकड्या अशा दोहोंनी तरुण पल्सारांवर पाळत ठेवली जाते. अशा झटक्यानंतर तारा पूर्वीच्या मंद चालीकडे कसा परततो, यावरून कवचाखालच्या अतिप्रवाही द्रवाविषयी अंदाज बांधता येतो.