तिसरी घंटा आणि शेवटची एसटी

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या माणसाला नाटक बघायचं असेल तर आधी एसटीचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. लातूरला पत्रिकेवर संध्याकाळी सातची वेळ छापलेली असते, पडदा साडेसातच्या पुढं उघडतो आणि दुसरा अंक रंगात आला की आपली नजर मनगटाकडं जायला लागते. नायिका घर सोडायचं की नाही ते ठरवेपर्यंत आपण घर गाठायला निघालेलो असतो. गेल्या वर्षी अशी तीन नाटकं माझ्यापुरती अर्धीच राहिली. त्यांचे शेवट दुसऱ्या दिवशी फोनवर ऐकले. त्यातल्या एका नाटकाचा शेवट दोघांनी दोन तऱ्हेचा सांगितला, तेव्हा आपलं फारसं बुडालं नाही असं वाटून गेलं.

2024 च्या दिवाळीपासून 2025 च्या दिवाळीपर्यंत, जमेल तिथं जायचं आणि आल्यावर वहीत लिहून ठेवायचं, असं ठरवलं होतं. शंभर पानी वहीत 27 नोंदी झाल्या. राज्य नाट्य स्पर्धेतली नाटकं, युवक महोत्सवातल्या एकांकिका, शाळांची स्नेहसंमेलनं, माळेगावची यात्रा, सोंगी भजनं आणि चाकुरातच ऐकलेली सहा अभिवाचनं. एकूण हिशेब वाईट नाही. पण नाटक बघायला निघालेला माणूस सगळ्यात जास्त रमला तो वाचनात, हे वही चाळताना माझं मलाच नवल वाटलं.

सुरुवात मुहूर्तावर करायची होती. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं तो दिवस. पण 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, 20 तारखेला मतदान. आमच्या नाटकवाल्यांचा ढोलकीवाला प्रचाराच्या गाडीवर, ध्वनिव्यवस्थेवाला सभेत आणि ज्या मंगल कार्यालयात बसायचं तिथं कार्यकर्त्यांच्या पंगती. त्या महिन्यात खरी गर्दी दुसऱ्याच प्रयोगांना होती. पाठांतर, वेशभूषा, ऐनवेळी बदललेली भूमिका, कशालाच तोटा नव्हता. म्हणून रंगभूमी दिन आम्ही चहाच्या टपरीमागच्या बाकावर साजरा केला.

मराठवाड्यात हौशी नाटक म्हणजे स्पर्धा. राज्य शासनाची ही हौशी नाट्य स्पर्धा 1954 पासूनची, आणि तिचे उपकार कोणी विसरू नयेत. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये आणि ‘घाशीराम कोतवाल’ 1972 मध्ये याच स्पर्धेतून पुढं आलं. लातूर, नांदेड, परभणी या केंद्रांवर दरवर्षी प्राथमिक फेऱ्या होतात म्हणून तर इथं अजून दोन-अडीच तासांचं नाटक कुणीतरी बसवतं. शिक्षक, तलाठी, मेडिकलवाला, विमा एजंट दिवसभराची कामं उरकून रात्री नऊला तालमीला येतात. दीड-दोन महिने हे चालतं. मग एका संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो भरून नेपथ्याचे लाकडी फ्लॅट लातूरला जातात, प्रयोग होतो, आणि रात्री बाराला तेच फ्लॅट उलट्या क्रमानं टेम्पोत चढतात. संपलं नाटक. पन्नास तालमी आणि एक प्रयोग! ज्या गावात नाटक बसलं त्या गावानं ते बघितलेलंच नसतं. यंदा एका नाटकातला वाड्याचा दरवाजा मी महिन्याभरानं पाहिला तो एका गोठ्याला लावलेला. रंग तोच, कडी तीच, आत म्हैस.

नाटक परीक्षकांसाठी होतं, हे माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं. सभागृहाच्या मधोमध छोट्या दिव्याच्या उजेडात परीक्षक कागदावर लिहीत असतात आणि रंगमंचावरचा नट नकळत त्या दिव्याकडं तोंड करून बोलत असतो. प्रकाशयोजनेला गुण असतात म्हणून ब्लॅकआउट वाढतात. एका नाटकात मी एकोणीस मोजले. प्रत्येक अंधारात कुणीतरी कॉट सरकवतंय, तिचा पाय अडकतोय, ‘उचल की बे’ असं स्पष्ट ऐकू येतंय आणि उजेड आला की तोच माणूस मुंबईतला उद्योगपती. प्रेक्षकांत एक भाग नटांच्या घरच्यांचा, दुसरा उद्या-परवा प्रयोग असलेल्या मंडळांचा. घरचे कौतुकानं बघतात, दुसरे चुका मोजायला. नुसतं नाटक बघायला आलेला माणूस म्हटला की आम्ही पाच-सातजण. आम्हाला हल्ली दारावरचे लोक ओळखतात.

विषयांचंही तेच. दुष्काळ, कर्ज, आत्महत्या. हे आमचं जगणं आहे, खोटं कसं म्हणू? 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला पाजावं लागलं, ते आम्ही भोगलंय. पण युवक महोत्सवात एकाच दिवशी ओळीनं तीन एकांकिकांत वरून फास खाली येतो, तेव्हा काय करायचं? तिसऱ्या फासाला माझ्या शेजारचा मुलगा मोबाइल बघत होता. त्याच्या घरी शेती आहे, हे मला ठाऊक होतं. फास दिसला की टाळी आणि गुण, हे गणित पोरांच्या डोक्यात कुणी बसवलं याचा विचार आम्ही मोठ्यांनीच करायला हवा. त्याच महोत्सवात दहा मिनिटांचं एक प्रहसन झालं. पीकविम्याचा अर्ज भरायला गेलेला म्हातारा, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून यंत्र त्याला ओळखतच नाही. म्हातारा आपल्याच बोटांकडं बघतो, धोतराला पुसतो, पुन्हा ठेवतो. सभागृह हसून हसून लोळलं आणि मग हळूहळू गप्प झालं. फास नव्हता, रडणं नव्हतं. वर्षभरातली ती दहा मिनिटं मी कुठल्याही दोन अंकांशी बदलणार नाही.

ही पोरं पुढं कुठं जातात? स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या युवक महोत्सवात चमकलेला मुलगा दोन वर्षांनी भेटतो तो पोलीस भरतीच्या मैदानावर. अकरावी-बारावीची दोन वर्षं तर अभ्यासाच्या लातूर पॅटर्नमध्येच जातात, तिथं नाटकाचं नाव काढायची सोय नाही. ज्यांना फारच ओढ असते ते गाव सोडतात. तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी मुंबईला गेली आणि मराठी रंगभूमीला प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ मिळालं, आम्हाला त्याचा अभिमान आहेच. उलटी वाट दाखवली ती जालन्याकडच्या पोरांनी. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी बसवलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 मध्ये आलं, आणि शेतकऱ्यांची पोरं आपली बोली घेऊन मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत उभी राहिली. बोली मुंबईला ऐकू गेली, पण आमच्याच स्पर्धेत नट अजून ‘मी येतोय हं’ असं पुणेरी बोलतात आणि विंगेत गेल्यावर ‘पाणी दे की रे जरा’!

बायकांच्या भूमिकांचं दुखणं वेगळंच. संहिता निवडताना पहिला प्रश्न ‘बायका किती?’ एक असेल तर वाचू, दोन असतील तर बघू, तीन असतील तर ठेवून दे. तालीम रात्री नऊला आणि मुलीनं दिवेलागणीला घरात असायचं, हे दोन नियम एकाच गावात नांदतात. यंदा एका मंडळानं तालमी पहाटे साडेपाचला ठेवल्या. नवरे कुरकुरले, पण चार बायका आल्या. नटांनी मात्र पहिले आठ दिवस जांभया देतच प्रेमप्रसंग केले.

डिसेंबरअखेर माळेगावला गेलो. नांदेड रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडं खंडोबाची ही यात्रा. घोडे, गाढवं, उंट आणि तमाशाचे तंबू. तिथं परीक्षक नाही, आणि प्रेक्षकाला सहन करायची सवय नाही. वग लांबला की शिट्टी पडते. एका तंबूत सोंगाड्यानं पाणीपुरवठ्यावर नवी कोटी केली, ती पडली. त्यानं डोळ्याचं पातंही न लववता दुसरी टाकली, तीही पडली. तिसरीला तंबू उठला. आमच्या हौशी नटाला अशी एक रात्र मिळाली तर त्याचं कल्याण होईल.

सोंगी भजन ऐकलं ते वडवळ नागनाथकडच्या एका वस्तीवर, सप्ताहात. एकनाथांचं भारूड, मृदंग, आणि मिशा तशाच ठेवून लुगडं नेसलेला एक साठीचा गृहस्थ. त्यानं सासूचा संसार असा काही मांडला की पुढच्या बायका पदर तोंडाला लावून एकमेकींना ढकलायला लागल्या. दिवसा हा गृहस्थ सोसायटीच्या कट्ट्यावर फार बोलत नाही. मी विचारलं, ‘मामा, तालीम कधी करता?’ ते म्हणाले, ‘आमची म्हातारी चाळीस वर्सं करून घ्यायलीय की!’

आता वाचनाबद्दल. चाकूरला नाट्यगृह नाही, म्हणून एका शिकवणीच्या खोलीत, फळ्यावर आधीच्या तासाचा त्रिकोणमितीचा पसारा तसाच ठेवून आम्ही महिन्याआड अभिवाचन करायला लागलो. नेपथ्य नाही, टेम्पो नाही, पाठांतराची भीती नाही, आणि बायका वहीत बोट घालून संध्याकाळी सहाला वाचायला बसून जेवणवेळेला घरी. पहिल्या वेळी अकरा माणसं होती. नांदेडच्या दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ वाचलं तेव्हा चाळीसच्या वर. दलित चळवळीच्या तीन पिढ्या एका घरात समोरासमोर येतात, आणि खोलीतही तीन पिढ्या बसलेल्या. वाचन दीड तासात संपलं, भांडण साडेदहापर्यंत चाललं. नाटकातल्या जुन्या पिढीच्या काकांची बाजू घेणारे आजोबा आणि तरुण अर्जुनची बाजू घेणारा त्यांचा नातू एकाच मोटारसायकलवर, एकमेकांशी न बोलता घरी गेले.

उन्हाळ्यात ‘शांतता!’ घेतलं. शहरातली नाटकमंडळी खेड्यातल्या सभागृहात रात्रीच्या प्रयोगाची वाट बघत बसलेली आणि वेळ घालवायला एका बाईवर खोटा खटला; हे नाटक आमच्यासारख्या ठिकाणी वाचताना अंगावर येतं. खटला चाललेली ती बेणारे वाचली एका बँकेतल्या बाईंनी. त्यांना अभिनयाचा काडीचा अनुभव नाही. लांबच्या स्वगताच्या मध्यात वीज गेली. कुणी उठायच्या आत चार-पाच मोबाइलचे दिवे त्यांच्या कागदावर पडले, आणि त्या तशाच वाचत राहिल्या. थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, असं नंतर म्हणाल्या. नाटकाच्या शेवटी त्या खेड्यातला साधाभोळा सामंत आपल्या जवळचा कापडाचा हिरवा पोपट बेणारेपाशी ठेवून निघून जातो. वाचनात पोपट कुठला असणार? रंगसूचना वाचणाऱ्या मुलानं ती ओळ सपाट आवाजात वाचली. मागून एक म्हातारी पुटपुटली, ‘देवा, तेवढं तरी केलं बघ त्यानं.’ स्पर्धेत मी या नाटकाचे दोन प्रयोग पाहिलेत, पोपटासकट. पोपट मला दिसला तो त्या अंधाऱ्या खोलीत.

वाचन म्हणजे नाटक नव्हे, हे कबूल. मंडळांतले जुने लोक तर त्याला ‘बसून केलेली तालीम’ म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. शरीराचं नाटक कागदात मावत नाही. पण असं मिळेल त्या जागेत जमायची आमच्या भागाला जुनी सवय आहे. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण 53 या हुकमामुळं सभा घ्यायची चोरी होती, तेव्हा माणसं गणेशोत्सवाचे मेळे, कीर्तनं आणि वाचनालयं यांच्या आडोशानंच एकत्र यायची. व्यासपीठ नसलं म्हणून इथली माणसं बोलायची थांबली नव्हती.

यंदाचा गणेशोत्सव मात्र पावसानं नेला. ऑगस्ट-सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली सोयाबीनं पाण्यात उभी राहिली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात तर पुरानं माणसं नेली. दोन गावांत ठरलेली नाटकं मंडळांनी स्वतःहून रद्द केली आणि वर्गणी पूरग्रस्तांकडं वळवली. बरोबरच केलं. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, एका शाळेत मुलांनी रझाकारांचा प्रसंग केला. रझाकार झालेल्या पोराचे पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. तो घरून तसाच आला होता.

हा लेख लिहीत असताना पुढच्या स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्यात. गोठ्याचा दरवाजा परत मागायला दोघंजण गेले होते. मालकानं दिला, पण अट घातली. लातूरला जायच्या आधी एक खेळ इथं, त्याच्या खळ्यावर करायचा. ‘दार माझं, मग नाटक बी मला दिसाया पायजे,’ म्हणाला. मंडळात त्यावरून तीन दिवस वाद चालू आहे. खळ्यावर ब्लॅकआउट कसा करायचा, हा मुद्दा आहे.