‘नाही’ची थप्पी

उरण तालुक्यातल्या चिरनेरहून खोपट्याकडे निघालं की कंटेनरचे ट्रेलर भेटतातच. त्यातला एक डबा बोटीवरून उतरून गोदामात पोचायला कोणाकोणाचे हात लागतात, हे दहावीतल्या कुठल्याही मुलाला विचारून बघा. ड्रायव्हर, क्रेनवाला, पोलीस... यादी बहुधा इथेच संपते. बोट धक्क्याला आणणारा पायलट, डब्यांची मोजदाद ठेवणारा टॅली क्लार्क, डबे रचणारं रीच स्टॅकर यंत्र चालवणारा, थंड कंटेनरचं यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ, परीक्षा देऊन कस्टमचं ‘जी कार्ड’ मिळवलेला आणि तिथले कागद फिरवणारा माणूस, हे कोणी त्या यादीत नसतात. जवळचं जेएनपीटी बंदर १९८९ साली सुरू झालं. म्हणजे ही कामं या मुलांच्या जन्माआधीपासून दाराशी आहेत!

मग ती दिसत का नाहीत?

लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ साली याचं एक विलक्षण उत्तर मांडलं. आपल्याला वाटतं, मूल काम निवडतं. त्या म्हणाल्या, मूल आधी कामं खोडत जातं. सहा ते आठ वर्षांच्या वयात ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ म्हणून एक मोठा गठ्ठा बाद होतो. नऊ ते तेराच्या दरम्यान ‘हे आपल्या घरच्यांना शोभणार नाही’ आणि ‘हे आपल्याला झेपणार नाही’ म्हणून आणखी दोन. ‘मला काय आवडतं?’ हा प्रश्न येतो चौदाव्या वर्षाच्या सुमारास, सगळ्यात शेवटी. करिअर मार्गदर्शकासमोर मूल बसतं तेव्हा पाटी अर्ध्याहून जास्त पुसून झालेली असते, आणि आपण काय पुसलं हे त्या मुलालाही आठवत नाही.

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय थाटलं, तेव्हा हिशोब सोपा वाटत होता : स्वतःला ओळखा, कामं समजून घ्या, दोन्हींची सांगड घाला. आपल्याकडे राज्य मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी आणली तीही याच वाटेने. तिच्यातल्या सात क्षेत्रांत ‘गणवेशधारी सेवा’ हे एक होतं. भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं गावोगाव असलेल्या राज्यात ते शहाणपणाचंच. पण अशी चाचणी कल मोजते तो पाटीवर जे उरलंय त्यातलाच.

शिवाय चाचणीचा अहवाल वाचून मूल ‘अगदी माझंच वर्णन!’ म्हणालं, तर मार्गदर्शकाने हुरळून जाऊ नये. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं स्वभाववर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली!

मग खोडलेलं शोधायचं कसं? एक जुनी युक्ती मला फार आवडते. लिओना टायलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६१च्या सुमारास ती रूढ केली. कामांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलापुढे ठेवायच्या आणि थप्प्या करायला सांगायच्या : हो, नाही, सांगता येत नाही. बहुतेक जण ‘हो’ची थप्पी उचलतात. कसलेला मार्गदर्शक ‘नाही’ची उचलतो. ‘याच चिठ्ठ्या आता कारणांप्रमाणे वेगळ्या कर,’ एवढं म्हणतो आणि गप्प बसतो. माझ्या मते या पेशातलं सगळ्यात अवघड कौशल्य ते गप्प बसणंच. सल्ला द्यायला जीभ कायम शिवशिवत असते.

गप्प बसल्यावर मात्र पोतडीत माहिती हवी. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. त्याआधी छापलेली करिअरची पुस्तिका पनवेल-उरणच्या मुलाला कितपत पुरणार? मार्गदर्शकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००३ साली ठरवलेल्या क्षमतांमध्ये ताजी माहिती तर आहेच, पण स्वतःच्या मर्यादा ओळखणंही आहे. म्हणजे ‘हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असं म्हणता येणं ही त्या खुर्चीतली पात्रताच.

२५ सप्टेंबर १९३० रोजी याच चिरनेरची माणसं जंगलावरच्या हक्कासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर गेली आणि गोळ्यांना सामोरी गेली. त्यांच्यापुढचं दार इंग्रज सरकारने बाहेरून लावलं होतं, कडी दिसत तरी होती. मुलांनी खोडलेल्या कामांचं दार आतून लागलेलं असतं, म्हणून ते दिसतही नाही. समजा, आज त्याच गावातल्या मुलीने ‘क्रेन चालक’ ही चिठ्ठी ‘नाही’त टाकली. का? ‘मुली नाही करत.’ इथे भाषण नको. केरळातल्या विझिंजम बंदरात किनाऱ्यावरच्याच घरांतल्या बायका नियंत्रण कक्षात बसून, पडद्याकडे बघत क्रेन चालवतात, एवढं सांगायचं आणि चिठ्ठी पुन्हा तिच्या हातात द्यायची. तिने ती परत ‘नाही’त टाकली, तरी चालेल.