आधी सूत्रधार गायचा

5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. त्यानंतरची कित्येक वर्षं नाटक पाहणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट अगदी सहज वाटत असे. सीतेच्या मनात काय चाललंय हे गाऊन सांगायचं ते सूत्रधारानं. कथा त्याच्या पदांतून पुढे सरकायची, पात्रं तिला अभिनयाची जोड द्यायची आणि मधली भाषणं आयत्या वेळी सुचतील तशी बोलायची. दुःख एकाचं, गळा दुसऱ्याचा.

मग 31 ऑक्टोबर 1880 उजाडला. दिवाळीच्या तोंडावरचा रविवार. पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले आणि दुष्यंत स्वतःच गाऊ लागला. शकुंतला आपलं पद आपल्या तोंडानं म्हणू लागली, कण्वमुनींचा कंठ त्यांचाच दाटून आला. गाणं निवेदकाकडून निघून पात्राच्या तोंडी गेलं, आणि संवाद लिहून, पाठ करून, तालमीत घोटून आले. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, इतकं ते आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण त्या रात्री खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानांना काय वाटलं असेल!

हे घडवून आणणारा माणूस होता महसूल आयुक्तांच्या कचेरीतला एक नोकरदार. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे आपले अण्णासाहेब. भाव्यांचं नाटक ज्या साली आलं त्याच साली, 31 मार्च 1843 रोजी, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. (नांगर आणि पंपांचे कारखाने काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर याच गावचे. एवढ्याशा गावानं महाराष्ट्राला काय काय दिलं!) पुण्यात शिकत असतानाच अण्णासाहेब नाटक मंडळ्यांना पदं रचून देत. पुढे बेळगावात मास्तरकी केली, तिथंही नाटकाचा नाद सुटला नाही. 1880 साली पुण्यात एका पारशी मंडळीनं केलेला ‘इंद्रसभा’चा खेळ त्यांनी पाहिला आणि असं मराठीत करायचंच, हे मनानं घेतलं. तेव्हा त्यांचं वय 37 होतं. यापुढे त्यांच्या वाट्याला उणीपुरी पाच वर्षंच होती.

नाटक गाऊन करायची कल्पना युरोपात जुनीच. तिथं ऑपेराचा जन्म 1600च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये झाला. ग्रीक शोकांतिका गाऊन सादर होत असाव्यात, असं तिथल्या विद्वानांना वाटत होतं. ती जुनी कला पुन्हा जिवंत करायला ते निघाले आणि त्यातून एक अगदी नवीच कला निपजली. अण्णासाहेबांनीही हात घातला तो कालिदासालाच. पण ऑपेरात बहुतेक सगळंच गाऊन सांगतात. अण्णासाहेबांनी गद्य ठेवलं. बोलता बोलता पात्राच्या बोलण्याला भावना पेलवेनाशी झाली की पद यायचं, ते संपलं की पुन्हा बोलणं. माझ्या मते ही त्यांची सर्वांत शहाणी निवड. मराठी माणसाला गाणं हवं असतं, पण खणखणीत संवादावाचून त्याचं पोट भरत नाही.

‘शाकुंतल’च्या सात अंकांत पदं आहेत दोनशेच्या घरात. प्रत्येक पद पाच मिनिटं गायलं असतं, तर नुसत्या गाण्यालाच सोळा तासांहून जास्त लागले असते! म्हणजे ती आटोपशीर गायली जात असणार. तानांची आतषबाजी आणि वन्समोअरची रांग हे पुढच्या पिढीचं. चालींसाठी अण्णासाहेब अनेक दारांत गेले. कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावणी, हिंदुस्थानी राग, आणि लहानपणापासून कानांवर पडलेली कानडी गाणी. जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ओळखीच्या गाण्याचा निर्देश असे. वाचणाऱ्याला सूर आधीच ठाऊक, नवे फक्त शब्द. प्रयोग नवाच होता, पण तो ऐकायला श्रोत्यांचे कान आधीपासून तयार होते.

या माणसानं नाटक लिहिलं, पदं रचली, चाली निवडल्या, नट शोधले, तालमी घेतल्या, स्वतः तोंडाला रंग लावला आणि मंडळीही चालवली. गायक हेरण्याची त्यांची नजर विलक्षण होती. दुष्यंताला मोरोबा वाघोलीकर, कण्वाला बाळकोबा नाटेकर, दोघेही गळ्याचे धनी. बायकांनी रंगभूमीवर यायची तेव्हा सोयच नव्हती, म्हणून पहिली शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. 1882 साली बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले, आणि त्यांच्या चढ्या, तेजस्वी आवाजासाठी लोक रात्र रात्र जागू लागले.

त्याच वर्षी 26 जुलैला जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये वाग्नरचा ‘पार्सिफाल’ हा शेवटचा ऑपेरा रंगमंचावर आला. वाग्नरही शब्द आणि संगीत दोन्ही स्वतः रचायचा, त्यानं तर स्वतःचं नाट्यगृहही उभं केलं होतं. फक्त त्याच्या पाठीशी बव्हेरियाच्या राजाचा पैसा होता. चार महिनेही झाले नाहीत तोच, 18 नोव्हेंबरला, पुण्यात ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले. अण्णासाहेबांचा राजा तिकीट काढून येणारा प्रेक्षक होता.

पहिले चार, पहिले तीन हे मी मुद्दाम लिहितो आहे. ‘शाकुंतल’ पूर्ण झालं 1881त, ‘सौभद्र’ 1883च्या मार्चमध्ये. 1884त आलेल्या ‘रामराज्यवियोग’चेही तीनच अंक रंगभूमीवर आले. म्हणजे उरलेलं नाटक ते प्रेक्षकांची दाद ऐकल्यावर लिहीत होते, आणि समोर उभ्या असलेल्या गळ्यांसाठी लिहीत होते. ‘सौभद्र’ला आजही घरगुती ऊब आहे, ती मला यातूनच आलेली वाटते. गोष्ट महाभारतातली, पण बलराम, कृष्ण, रुक्मिणी आपल्याच वाड्यातल्या माणसांसारखी बोलतात, आणि बहिणीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरवणाऱ्या थोरल्या भावाला धाकटा भाऊ गोड बोलून चकवतो.

पुण्याहून मुंबईला मंडळीचं बिऱ्हाड निघालं की पेट्या, पडदे, पोशाख सगळं आगगाडीत चढायचं, बोरघाट उतरून कल्याण, ठाणे करत आमच्या घाटकोपरवरून बोरीबंदरकडे जायचं. इथं तेव्हा खाडी आणि मिठागरं होती. आज घाटकोपरहून संगीत नाटकाला जायचं तर धिमी लोकल पकडून आम्ही मुलुंड गाठतो, आणि तिथल्या नाट्यगृहाला नाव आहे महाकवी कालिदासाचं. याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

2 नोव्हेंबर 1885 रोजी गुर्लहोसूरला अण्णासाहेब गेले. वय 42. ‘रामराज्यवियोग’ अपुरंच राहिलं. चालवणारा माणूस गेला की अशी मंडळी सहसा मोडते. ही मोडली नाही. भाऊरावांचा गळा होता. बेळगावात अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल होते, त्यांनी नाटकं दिली आणि तालमीही सांभाळल्या. 1905 साली नारायण राजहंस नावाचा मुलगा मंडळीत आला, म्हणजे बालगंधर्व. 1913 साली त्यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मागोमाग दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, आणि 1918 साली तेही स्वतःची बळवंत संगीत मंडळी घेऊन निघाले.

‘सौभद्र’चा प्रयोग लागला तर चुकवू नका. तिथं एका गोष्टीकडे कान द्या: बोलणं थांबून पद सुरू होतं तो क्षण. चांगला नट तिथं सांधा दिसू देत नाही, शेवटच्या वाक्याच्या लयीतच तो सुरावर येतो. अण्णासाहेब तालमीत नेमकं काय घोटून घेत असतील, ते तिथं ऐकू येतं.