गुरुमुखी विद्या आणि अमेरिकेची तलवार



सुरुवात पॅरिसपासून करतो. तारीख २८ जुलै २०२४. ग्राँ पाले नावाच्या काचेच्या छताच्या जुन्या इमारतीत ऑलिम्पिकची तलवारबाजी चालू होती. महिलांच्या वैयक्तिक फॉइल प्रकारातली अंतिम लढत. समोरासमोर दोघीजणी, आणि दोघीही अमेरिकेच्या. ली कीफरनं लॉरेन स्क्रग्जला १५-६ असं हरवलं. मग १ ऑगस्टला ह्याच दोघी एका संघातून उतरल्या, सोबत जॅकी डुब्रोविच आणि माया वाइनट्राउब, आणि चौघींनी मिळून अंतिम सामन्यात इटलीला ४५-३९ असं नमवलं. तलवारबाजीत अमेरिकेला मिळालेलं हे पहिलं सांघिक ऑलिम्पिक सुवर्ण.

तुम्ही म्हणाल, अमेरिका सगळीकडेच जिंकते, त्यात नवल काय? नवल आहे. हा खेळ इटली, फ्रान्स, हंगेरी यांच्या घरचा. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून तो आहे. त्यात अमेरिका कुठे होती? १९६० ला रोममध्ये अल्बर्ट अ‍ॅक्सलरॉडला फॉइलमध्ये कांस्य मिळालं. त्यानंतरचं पदक थेट १९८४ ला, तेही कांस्यच. त्यानंतरचं २००४ ला. म्हणजे ४४ वर्षांत पदकाची तीनच वर्षं. पैसा तेव्हाही होता, धट्टीकट्टी पोरं तेव्हाही होती. मग अडलं कुठे? आणि सुटलं कसं? आज एवढंच बघायचंय.

आधी खेळ दोन शब्दांत. तलवारबाजी म्हटलं की आपल्याला दांडपट्टा आठवतो, मावळे आठवतात. हा खेळ वेगळा. चौदा मीटर लांबीची अरुंद पट्टी, त्यावर दोघं. हत्यारं तीन. फॉइलमध्ये टोक फक्त धडाला लागलं तर गुण. इपीमध्ये डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठेही. सेबरमध्ये कमरेच्या वर, आणि नुसतं टोक नाही तर पात्याची धारही चालते. फॉइल आणि सेबरमध्ये आणखी एक भानगड आहे. दोघांचे दिवे एकदम लागले तर आक्रमणाचा हक्क कुणाचा होता हे पंच ठरवतात. म्हणजे नुसता वेग पुरत नाही. आपण आधी सुरुवात केली, समोरच्यानं अडवलं, मग हक्क त्याच्याकडे गेला, असं ते संभाषण असतं. ते कळावं लागतं.

आणि ते पुस्तकातून कळत नाही. प्रशिक्षक छातीवर जाड कवच घालून समोर उभा राहतो, एका वेळी एकाच शिष्याला शिकवतो. हात असा फिरव, थांब, आता पाऊल टाक. हजारो वेळा. आपल्याकडे गाण्याच्या बाबतीत गुरुमुखी विद्या म्हणतात ना, तसंच हे. गाणं ऐकून चाल उचलता येईल, पण चुकलं कुठे ते सांगायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. अशी विद्या माणसांमध्ये राहते, आणि माणसं जिकडे जातात तिकडे ती जाते. अमेरिकेच्या यशाचं मूळ मला इथे दिसतं.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. पूर्व युरोपात प्रशिक्षक सरकारी पगारावर जगत होते, तो आधार गेला. त्यातले कित्येक अमेरिकेत आले. कीवहून आलेले युरी गेलमन न्यूयॉर्कमध्ये सेबर शिकवू लागले. पोलंडचे एड कॉरफँटी ऑरेगनमध्ये पोर्टलंडला होते. युक्रेनचे अर्काडी बर्डन अटलांटाजवळ. ही मंडळी विमानातून उतरली तेव्हा त्यांच्याबरोबर अख्खी परंपरा उतरली.

पण गुरू आले म्हणजे शिष्य मिळतातच असं नाही. इथे मी पीटर वेस्टब्रूक यांचं नाव घेईन. १९८४ चं ते सेबरमधलं कांस्य त्यांचं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या वर्षी सोव्हिएत संघ, हंगेरी, पोलंड यांनी लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला होता. तरीही पदक ते पदक. वेस्टब्रूक न्यूअर्क शहरात गरिबीत वाढले. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, आई जपानी. मुलगा रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत वाया जाऊ नये म्हणून आईनं त्याला पाच डॉलरची लालूच दाखवून तलवारबाजीला धाडलं. १९९१ मध्ये, हो, त्याच वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपली संस्था सुरू केली. दर शनिवारी सकाळी वर्ग. शहरातली सामान्य घरांतली मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, हातात तलवार घ्यायला यायची. ज्या खेळात त्यांना पूर्वी कुणी दारात उभं केलं नसतं, त्या खेळात.

आता ह्या दोन धाग्यांची गाठ कशी पडली बघा. ब्रुकलिनचा कीथ स्मार्ट ह्या शनिवारच्या वर्गातला मुलगा. त्याला गेलमन यांच्यासारखा गुरू लाभला. २००३ मध्ये तो सेबरच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला, असा पहिला अमेरिकन. २००८ ला बीजिंगमध्ये सांघिक सेबरची उपांत्यपूर्व फेरी हंगेरीविरुद्ध, निकाल ४५-४४. उपांत्य फेरी रशियाविरुद्ध, पुन्हा ४५-४४. दोन्ही वेळा शेवटी पट्टीवर कीथ होता. अंतिम सामना फ्रान्सनं जिंकला, पण रौप्य आलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याची बहीण एरिन फॉइलच्या संघात होती, तिलाही रौप्य. एकाच घरात, एकाच वर्गातून दोन पदकं.

तिसरी गोष्ट नशिबाची, पण नशीब ओळखण्याचीही. महिलांचा सेबर प्रकार ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला २००४ ला. बाकीच्या हत्यारांमध्ये युरोपाची शंभर वर्षांची आघाडी होती. इथे सगळ्यांचीच पाटी कोरी. अमेरिकन मुली तयार होत्या. २००० सालीच त्यांच्या संघानं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. अथेन्सला कॉरफँटी यांची शिष्या मॅरियल झागुनिस खरं तर पात्रच ठरली नव्हती. नायजेरियानं आपली जागा सोडली म्हणून तिला प्रवेश मिळाला. आणि तिनं सुवर्ण जिंकलं! अमेरिकेचं शंभर वर्षांतलं पहिलं. बर्डन यांची सेडा जेकबसन तिसरी. चार वर्षांनी बीजिंगला तर झागुनिस, जेकबसन आणि बेका वॉर्ड, तिन्ही वैयक्तिक पदकं अमेरिकेची.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. बीजिंगला सहा पदकं मिळाली आणि लंडनला, २०१२ मध्ये, एकच, इपीच्या महिला संघाचं कांस्य. २०१६ ला रिओमध्ये पुन्हा चार. त्यात डॅरिल होमरचं सेबरमधलं रौप्य होतं, आणि हा होमरही वेस्टब्रूक यांच्याच वर्गातला. मग टोकियोत कीफरचं सुवर्ण, फॉइलमधलं अमेरिकेचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. कीफर केंटकीची. वडील कॉलेजात असताना तलवारबाजी करायचे, आई फिलिपिन्समध्ये जन्मलेली, आणि प्रशिक्षक अमगद खजबक इजिप्तचे. पॅरिसला निक इटकिननं पुरुषांच्या फॉइलमध्ये कांस्य घेतलं. त्याचे गुरू त्याचे वडीलच, मूळचे कीवचे. आणि लॉरेन स्क्रग्ज? न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली, वेस्टब्रूक यांच्या शनिवारच्या वर्गातून पुढे आलेली. वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला तलवारबाज.

आता जरा कडू भाग. अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही. तिथल्या ऑलिम्पिक समितीला सरकार पैसे देत नाही. मग स्थलांतरित गुरूंचे क्लब चालले कसे? पालकांच्या फीवर. आणि पालक एवढी फी का भरतात? कारण हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया, नोत्र दाम अशा विद्यापीठांचे तलवारबाजीचे संघ आहेत, आणि चांगल्या खेळाडूला तिथल्या प्रवेशात झुकतं माप मिळतं. म्हणजे ह्या यशाखाली महागड्या शिक्षणाची स्पर्धा आहे. कपडे, मुखवटे, पाती, एकेकट्यानं घ्यायचे धडे, गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास. सामान्य घराला हे झेपत नाही. म्हणून शनिवारच्या त्या वर्गाचं मोल मोठं. ह्या व्यवस्थेनं आपण होऊन कीथ स्मार्टला शोधलं नसतं, लॉरेनलाही नाही. कुणीतरी दार मुद्दाम उघडं ठेवलं म्हणून ते आत आले. किती जण बाहेर राहिले असतील, ते मोजायला आपल्याकडे माप नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, म्हणजे मुद्दा पक्का होईल. चेन्नईची भवानी देवी टोकियोत खेळली, ऑलिम्पिकमधली पहिली भारतीय तलवारबाज. केरळात तलश्शेरीच्या साई केंद्रात सागर लागू यांच्याकडे ती घडली. पण पुढची विद्या घ्यायला तिला इटलीत निकोला झानोत्ती यांच्याकडे जाऊन राहावं लागलं. अमेरिकेच्या मुलांसाठी गुरू घराजवळ आले होते, आपल्या मुलीला गुरूच्या गावी जावं लागलं. फरक एवढाच, पण केवढा!

पीटर वेस्टब्रूक २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, बहात्तराव्या वर्षी. पॅरिस होऊन चार महिनेच झाले होते. लॉरेनच्या गळ्यातली सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं त्यांच्या हयातीत झाली, ह्याचं मला फार बरं वाटतं. स्वतःच्या गळ्यात त्यांना ऑलिम्पिक सुवर्ण कधी मिळालं नाही. आईच्या पाच डॉलरचा हिशेब मात्र चुकता झाला.

थांबतो. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.